पूर्ण सोडवलेली मतपत्रिका

अमेरिकेत, सांता क्लाराला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू पॉटलकला, म्हणजे प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, आल्या की बायका जरा धास्तावतात. "काकू, भरीत कसं झालंय?" असं विचारलं तर "मी अजून खाल्लं नाही" एवढंच म्हणतात, आणि खाल्ल्याशिवाय खरंच 'छान' म्हणत नाहीत.

मी सिटिझन झाल्यावर पहिली मतपत्रिका पोस्टाने घरी आली. न्यायाधीश, पाणी मंडळ, शाळा मंडळ, शिवाय टॅक्सचे प्रस्ताव! पुण्यात क्लास लावून वाढलेला मी, प्रश्न सोडून देणं माझ्या रक्तात नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही म्हटल्यावर एका बैठकीत सगळे गोल काळे केले आणि ऐटीत काकूंना न्यायला गेलो. मतपत्रिका टाकायच्या ड्रॉप बॉक्सकडे आम्ही एकत्र जाणार होतो. त्या अजून मतपत्रिका पाकिटात घालत होत्या.

"काकू, अर्धी कोरीच की! अटेम्प्ट तरी करा."

"ज्यांची काही माहितीच नाही, त्यांना कशी मतं देऊ रे? लायब्ररीच्या टॅक्सचं नीट वाचलं, त्याला 'हो' केलंय."

मला त्यांची कीव आली.

परवा रविवारी त्यांना पुस्तकं परत करायला घेऊन गेलो, तर लायब्ररी बंद. टॅक्स नामंजूर झाल्यामुळे आता दर रविवारी बंद, अशी दारावर पाटी.

"लोक काही न वाचता मतं देतात हो!" मी तावातावाने म्हणालो.

"तू काय दिलं होतंस?"

मी पाटी पुन्हा वाचू लागलो. मतपत्रिकेत लायब्ररीच्या वरच्या तिन्ही प्रस्तावांना मी 'हो' केलं होतं. सलग चार 'हो' कुठल्या पेपरात येतात?