समीक्षानं सोडलेले प्रश्न

आकारामची मुलगी सांगलीत विश्रामबागेला राहून एमबीएच्या सीईटीचा अभ्यास करते, हे आष्ट्याच्या शिवारात ज्याच्या ज्याच्या रानात त्याची मेंढरं बसली त्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तोच सांगत सुटायचा. खुद्द समीक्षाला मात्र विश्रामबागेत कुत्रंही ओळखत नव्हतं. खोलीतल्या शिवांजलीशी तिचं बोलणं पंखा लावू का, दार ओढू का, एवढंच. दोघी एकाच परीक्षेला बसणार होत्या, तरी एवढंच.

बापाकडून तिनं हे एकच वर्ष मागून घेतलं होतं. क्लास लावला नव्हता. मोबाइल हाच मास्तर. आणि त्या मास्तराची खोड अशी, की आपण विचारू तेवढंच तो सांगतो.

नोव्हेंबरात तिनं एमबीएचीच दुसरी प्रवेश परीक्षा, कॅट, देऊन पाहिली. तिथं चुकीच्या उत्तराला गुण कापतात, आणि तिचे चांगले सपाटून कापले गेले. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. येईल तेवढंच करायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. तसं हे तिच्या रक्तातच होतं म्हणा. मालकाला विचारल्याशिवाय त्याच्या रानात मेंढरू घालायचं नाही, ही शिस्त तिनं चालायला लागल्यापासून पाहिली होती. सीईटीचा नियम वेगळा असेल, ही शंकाही तिला शिवली नाही.

सीईटीचा दिवस आला. दोनशे प्रश्न, अडीच तास. न येणारे चाळीसेक प्रश्न तिनं कोरे ठेवले आणि उरलेला वेळ केलेलीच उत्तरं पुन्हा तपासण्यात घालवला. मोठ्या समाधानानं ती खोलीवर आली.

शिवांजली चपला काढता काढता म्हणाली, "मी शेवटचे सगळे ठोकून दिले. मायनस मार्किंग नाही तर सोडायचे कशाला? तू किती ठोकलेस?"

"ठोकले थोडे," समीक्षा म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

शिवांजली काही वाईट मुलगी नव्हती. विचारलं असतं तर तिनं कधीच सांगितलं असतं. दोघींच्या खाटांमध्ये हातभर अंतर होतं. आता निकाल लागणार पर्सेंटाइलवर, म्हणजे आपण किती जणांच्या पुढं यावर, आणि आंधळेपणानं ठोकून गुण मिळवणारे हजारो जण तिच्या पुढं जाणार होते.

संध्याकाळी आकारामचा फोन आला.

"कसा गेला गं पेपर?"

"बरा गेला, आबा."

"काय चुकलं का?"

"लय न्हाई. न्हाई आलं ते सोडून दिलं."

"ब्येस केलंस," तो म्हणाला आणि फोन तसाच चालू ठेवून शेजारच्या रानमालकाला सांगू लागला, "आवं, न येणाऱ्याला पोरीनं हातच लावला न्हाई बघा. आमच्यातलं वळण हाय त्ये."

त्याचा फुललेला आवाज ऐकून समीक्षाला वर्षभरात वाटलं नव्हतं इतकं एकटं वाटलं. खरं सांगावं असं एकच माणूस होतं, आणि आता त्यालाही सांगता येणार नव्हतं.