दोन छटांची जोडी

११ फेब्रुवारी, मंगळवार. पाणी साडेसातला गेले, नऊला आले. बँकेत हयातीच्या दाखल्याचे काम झाले, फार वेळ बसावे लागले नाही. मुलीचा फोन. जावयांना ह्यांचे बूट पायात बरोबर बसतात, पण काळपट रंग नको, मूळचा तपकिरी करून मिळेल का विचारत होती. दुपारी मास्तरांकडे नेऊन दिले. मास्तर "बघतो" म्हणाले. चेहरा उतरलेला वाटला. तब्येत विचारायची राहून गेली.

वकीलसाहेबांच्या पत्नीने, बाईंनी, त्या दिवशी वहीत एवढेच लिहिले. मास्तरांची तब्येत मात्र ठणठणीत होती. चेहरा उतरला तो बूट ओळखीचे निघाले म्हणून.

कचेऱ्यांच्या जुन्या चार मजली इमारतीत, जिना वळतो त्याच्या पोटात, मास्तरांचे दुकान. छत तिरके, दार कमी उंचीचे. आत येणारा कितीही मोठा साहेब असो, मान खाली घालूनच येणार. "माझ्याकडे सगळे नम्रच असतात," असे मास्तर मिशीत हसून म्हणत. चपलेचा अंगठा तुटला तरी ते शिवून देत, पण नाव झाले होते ते कोटाबरोबर घालायच्या भारी चामडी बुटांसाठी. वरच्या मजल्यांवरचे वकील, हिशेबनीस, विमा कंपनीचे साहेब, सगळ्यांचे बूट जिन्याखाली यायचे.

मास्तरांचे काम सावकाश. बूट आला की पहिल्यांदा नाड्या काढायच्या. नाडीसकट पॉलिश करणाऱ्याला ते माणसात धरत नसत. मग आत लाकडी साचा घालायचा, धूळ झटकायची, पिळून घेतलेल्या फडक्याने पुसायचे आणि सावलीत वाळू द्यायचे. मग बोटाला जुन्या बनियनची चिंधी गुंडाळून क्रीम, तेही नखभर. मग थांबायचे. "हे थांबणं कुणाला जमत नाही," असे ते म्हणत. काळ्याचा ब्रश वेगळा, तपकिरीचा वेगळा. एकाचा दुसऱ्याला लागला की दुकानात सुतक. गिऱ्हाइकांना उपदेशही फुकट मिळे. "साहेब, तुम्हाला रविवार असतो की नाही? मग बुटाला एक दिवस सुट्टी नको? आज घातला, उद्या ठेवा. घाम वाळू द्या त्याचा."

एके काळी या खोलीत दोघे बसत. मास्तर शिवणकामाला आणि टाचांना, धाकटा भाऊ रंगाला. धाकट्याचा डोळा म्हणजे चीजच होती. पावसात भिजून डाग पडलेला बूट असो, शाई सांडलेला असो, नाहीतर घासून घासून नाक पांढरे पडलेले असो. धाकटा तो दाराशी उजेडात नेई, दोनदा फिरवून बघे, तीन बाटल्यांतले थेंब बशीत कालवी आणि चिंधीचा पहिला हात फिरला की डाग कुठे होता ते सांगता येत नसे. लोक दारातूनच विचारायला लागले, "धाकटे आहेत का?" आधी मास्तर "आहे ना, या" असे म्हणत. मग नुसतेच "आहे" म्हणू लागले. बायकोच्या लक्षात आले ते. "अहो, कौतुक भावाचंच होतंय ना? परक्याचं तर नाही?" ती म्हणाली होती. "मी कुठे काय म्हणतोय?" मास्तर म्हणाले होते. खरेच, म्हणत ते काहीच नव्हते.

पुढे जे घडले त्याला आता अठरा वर्षे झाली. वकीलसाहेब, म्हणजे बाईंचे यजमान, नवे घेतलेले तपकिरी बूट सहा महिन्यांनी घेऊन आले. घरच्या गड्याने पॉलिशचे थरावर थर चढवले होते, ते काढून बूट पुन्हा नीट करून हवे होते. काम धाकट्याने घेतले. तिसऱ्या दिवशी वकीलसाहेब न्यायला आले तेव्हा धाकटा दोन्ही बूट समोर ठेवून बसला होता. जुने मेण निघाले होते आणि डावा बूट पिकल्या खजुरासारखा गडद तपकिरी दिसत होता, तर उजवा त्याच्याहून चांगला दोन पायऱ्या फिका, पिवळट.

वकीलसाहेब विनोदी माणूस. "काय हो, ही एका आईची लेकरं दिसत नाहीत!" ते म्हणाले.

मास्तर हसले नाहीत. बूट हातात न घेताच ते भावाला म्हणाले, "एकाला काय ओतलंस? स्पिरिट? का घाई होती जायची?"

"दादा, दोन्हीला तेच लावलंय. तू जरा बघ..."

"मी काय बघू? साहेब बघतायत ना! मोठा डोळ्याचा माणूस म्हणे. पन्नास वर्षांच्या दुकानाला काळिमा फासलास."

वकीलसाहेबांनाच अवघडल्यासारखे झाले. "अहो मास्तर, होतं असं कधी कधी," असे ते म्हणाले. मास्तर थांबले नाहीत. जिन्यावरून उतरणारे दोघे-तिघे थबकून ऐकत होते, आणि नेमके तेवढ्यामुळे मास्तरांच्या आवाजाला आणखी धार चढली. धाकट्याने बशी धुतली, चिंध्या दोरीवर वाळत टाकल्या, अंगात सदरा चढवला आणि मान खाली घालून दारातून बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी आला नाही. मग आलाच नाही.

मास्तरांनी रागाच्या भरात, न निरखताच दोन्ही बुटांवर गडद रंग चढवला, इतका की फरक झाकला गेला. वकीलसाहेबांनी ते काळपट बूट वर्षानुवर्षे घातले, तक्रार केली नाही. दोघे भाऊ नंतर आईच्या अंत्यविधीला भेटले, भाचीच्या लग्नात भेटले. "कसा आहेस?" "बरा आहे." "गुडघा?" "चालतंय." एवढेच.

आणि आता वकीलसाहेबही नव्हते आणि त्यांचे बूट पुन्हा मास्तरांच्या मांडीवर होते.

दोन दिवस त्यांनी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी नाड्या काढल्या, साचे घातले आणि आपणच चढवलेला रंग चिंधीचिंधीने उतरवायला सुरुवात केली. त्यांच्या डोळ्यांत हल्ली मोतीबिंदू पिकत होता, सगळेच थोडे पिवळे दिसे. म्हणून ते बूट दाराशी घेऊन बसले. डावा गडद निघाला. उजवा फिका. अठरा वर्षांपूर्वीचा राग क्षणभर जसाच्या तसा वर आला, "बघ, काय करून ठेवलंय!" आणि मग त्यांचा अंगठा थांबला.

उजव्या बुटावर, जिथे नाड्या आडव्या येतात तिथे, पाच बारीक गडद रेघा होत्या. एकाखाली एक, सरळ, पट्टीने आखाव्यात तशा. त्या रेघांचा रंग हुबेहूब डाव्या बुटाचा. बुटाची आतली, डाव्या पायाकडची बाजूही बाहेरच्या बाजूपेक्षा गडद होती.

मास्तरांना समजायला वेळ लागला नाही. इतका कमी वेळ लागला, की त्याचीच त्यांना लाज वाटली. स्पिरिटने रंग गेला असता तर नाडीखालचाही गेला असता, कारण या दुकानात नाडी काढल्याशिवाय चिंधी बुटाला टेकत नाही. ही नाडीची सावली होती. हा बूट बांधलेल्या नाडीनिशी कित्येक महिने उन्हाकडे तोंड करून उभा होता. पण एकटाच कसा?

शनिवारी बाई चौकशीला आल्या तेव्हा मास्तरांनी विचारले, "बाई, हे बूट नवे असताना कुठे उन्हात राहिले होते का? म्हणजे एकच?"

बाई स्टुलावर बसल्या. "आमच्याकडे नाही. पण उजवा काचेत होता."

"काचेत?"

"दुकानाच्या काचेत, मांडलेला. ह्यांच्या मापाचा शेवटचा जोड होता तो. डावा खोक्यातून काढला आणि उजवा काचेतून. दुकानदारानं मेण चोपडून दोन्ही सारखे करून दिले. मी तेव्हाच ह्यांना म्हटलं होतं, फरक दिसतोय. हे म्हणाले, पाय कुठे दोन्ही सारखे असतात?"

मास्तर त्या रेघांवरून अंगठा फिरवत राहिले. बाईंना वाटले त्यांना पटले नाही. त्या सोमवारी जुनी वही घेऊन आल्या, चष्मा लावला आणि वाचून दाखवले: "ह्यांना बूट घेतले. एक काचेतला, नाडी बांधलेलाच दिला. खोके फाटके होते, दुसरे मागून घेतले."

"अठरा वर्षं हे तुमच्या कपाटात होतं," मास्तर म्हणाले.

"मला कुणी विचारलंच नाही हो. काय झालं?"

मास्तरांनी सांगितले. सांगताना ते बाईंकडे न पाहता वहीकडे पाहत होते. बाईंनी वही मिटली. अठरा वर्षांपूर्वी त्या दिवशी घरी आल्यावर वकीलसाहेब हसत म्हणाले होते, "आज जिन्याखाली भावाभावांची जुंपली होती." का जुंपली ते बाईंनी विचारले नव्हते. स्वयंपाकघरात हात गुंतले होते.

"मग जा ना त्यांच्याकडे," त्या एवढेच म्हणाल्या.

धाकटा भिंतीच्या रंगांच्या दुकानात कामाला होता. मास्तर दुपारी गेले. पिशवीत बूट. दुकानात डबे छतापर्यंत रचलेले आणि मधोमध एक यंत्र गरगर फिरत होते. धाकट्याचे केस पांढरे झाले होते.

"दादा? घरी सगळं ठीक ना?"

"ठीक. तुझं बरं दिसतंय इथं. रंगाचंच काम."

"कसलं रंगाचं? गिऱ्हाईक कार्ड दाखवतं, मी नंबर दाबतो, यंत्र ओततं. इथे डोळा लागत नाही, चष्मा लागतो."

दोघेही जरा हसले. मास्तरांनी बूट काउंटरवर ठेवले. येताना वाटेत त्यांनी बोलायचे सगळे जुळवले होते. त्यातले एकही वाक्य आता जागेवर नव्हते. धाकट्याने उजवा बूट उचलला, सवयीने दाराकडे उजेडात फिरवला आणि खाली ठेवला.

"काचेतला," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"तेव्हाच दिसलं होतं. रेघा होत्या ना ढळढळीत. तेच दाखवत होतो तुला."

"मग बोलायचंस ना! ओरडून सांगायचंस!"

"दादा, तू बूट हातात घेतला होतास का?" धाकट्याचा आवाज चढला नव्हता. "तू साहेबांकडे बघत होतास, जिन्यावरच्या लोकांकडे बघत होतास. बूट एकदा हातात घेतला असतास तर तुलाच कळलं असतं. तुला बघायचा नव्हता. मी जे काय समजायचं ते समजलो."

मास्तरांनी काउंटरची कड घट्ट धरली. "हो," ते म्हणाले. "मला बघायचा नव्हता. तुझं काहीतरी चुकायची मी वाट बघत होतो, दोन-तीन वर्षं. असं मनात आहे हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, आणि नंतर विसरता आलं नाही."

यंत्र थांबले. धाकट्याने डबा काढला, झाकण ठोकून बसवले आणि बाजूला ठेवला. तेवढ्या वेळात त्याचे डोळे भरले असतील तर ते मास्तरांना दिसले नाही, कारण त्याची पाठ होती.

"उजव्याला रंग देऊ नकोस," तो वळून म्हणाला. "पुन्हा थापलास की पुन्हा काळपट होणार. डावा उन्हात ठेव, नाडी काढून. खिडकीच्या काचेमागे, रोज थोडा थोडा फिरवत. दर चार दिवसांनी क्रीमचा हात, नाहीतर तडकेल. महिना-दीड महिन्यात उजव्यापाशी येईल. मग त्या रेघा तेवढ्या बारीक ब्रशनं, फिक्या रंगानं झाकून घे."

"माझ्या दुकानात ऊन कुठलं? आणि मला आता छटा दिसत नाही रे, सगळं पिवळं दिसतं. तू ये. पुन्हा बसायला ये असं म्हणत नाही. जुळलं की नाही, तेवढं एकदा बघायला ये."

धाकट्याने ठोकून बसवलेले झाकण पुन्हा एकदा अंगठ्याने दाबून पाहिले. एक गिऱ्हाईक बाई हातात रंगाचे कार्ड घेऊन आत आल्या.

"नाही दादा. तू घरी ये, जेवायला ये, वहिनीलाही आण. पण ते नको. मी आता रस्त्यात कुणाच्या पायांकडेसुद्धा बघत नाही. फार जड गेलं होतं ते सोडायला. परत धरवणार नाही." आणि त्या बाईंकडे वळून तो म्हणाला, "हां, कुठला नंबर?"

डावा बूट बाईंच्या बैठकीच्या खिडकीत गेला. तिथे दिवसभर ऊन असते. त्यासाठी बाईंनी पडदा काढून ठेवला. मास्तर दर चार दिवसांनी येत, चिंधी आणि क्रीमची डबी घेऊन, जिने चढल्यावर थोडा दम खात. बुटाला क्रीमचा हात देऊन झाला की तो उजव्याशेजारी ठेवत आणि बाईंना विचारत, "काय म्हणतोय?" बाई निरखून पाहत आणि खरे ते सांगत. "अजून गडद आहे." "थोडा उतरला." "टाचेकडे राहिलाय."

प्रत्येक वेळी निघताना मास्तर दाराशी थांबत. एकदा म्हणाले, "त्याला एका नजरेत कळलं असतं."

"तुम्ही जेवायला गेला होतात ना त्यांच्याकडे?"

"गेलो होतो. छान जेवलो. नातवंडांचं बोललो, गुडघ्याचं बोललो." मास्तरांनी पायात चपला सरकवल्या. "बुटांचं एकदाही नाही."

अठ्ठावीस मार्चला बाईंनी सांगितले की आता फरक दिसत नाही. मास्तरांनी पुन्हा विचारले, त्यांनी पुन्हा तेच सांगितले. मास्तरांनी उजव्यावरच्या रेघा बारीक ब्रशने झाकल्या. एक रेघ जरा गडद राहिली. ती बाईंना दिसली, पण या एका वेळी त्यांनी ते सांगितले नाही. जोडी कागदात गुंडाळून मुलीकडे पाठवायला ठेवली. मास्तर जिना उतरून गेले. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात रिकामी पिशवी.

संध्याकाळी बाईंनी वहीत लिहिले: बैठकीच्या खिडकीचा पडदा धुऊन परत लावला. आखडला आहे, खालून चार बोटे ऊन येते.