अल्लाल नक्षीवाल्याची कुपी

मी हम्मू, फेस शहरातल्या तांबटांच्या चौकामागचा हम्मामवाला. म्हणजे वर लोक ऊन पाण्याने अंग चोळतात आणि खाली भट्टीपाशी मी भाजून निघतो. तीस वर्षं ऑलिव्हच्या बिया अन् लाकडाचा भुसा आगीत ढकलतोय, तेव्हा आग कशी असते हे मला कुणी शिकवू नये. पण एकदा मी माझं पाप आगीच्या नावावर खपवलं. आज तेच सांगायला बसलोय.

अल्लाल पितळेवर नक्षी कोरायचा. काय हात होता महाराजा! त्याने कोरलेलं चहाचं तबक लग्नात मांडलं की बाया नवरी सोडून तबक बघायच्या. चाळिशीत कुठून तरी त्याच्या हाती एक जुनी वही लागली आणि घराला साडेसाती लागली. पारा आणि गंधक कुपीत कोंडायचा, मंद आचेवर शिजवायचा, की म्हणे लाल भुकटी होते. चिमूटभर शिशावर टाकली की शिशाचं सोनं. परीसच म्हणा ना. मी त्याला म्हणालो, "उस्ताद, सोनं घेऊन करणार काय? तुम्हाला ना पोर ना बाळ."

"सोनं कुणाला हवंय रे?" तो म्हणाला. "जन्मभर पितळ घासून सोन्यासारखं दाखवलं. एकदा खरं करून बघायचंय."

अकरा वर्षं गच्चीवर शेगडी पेटवून बसला. पाऱ्याची वाफ खाऊन हिरड्या काळ्या पडल्या, दात पडले आणि बोटं थरथरायला लागली. चहाचा पेला ओठांपर्यंत जाईतो अर्धा चहा सदऱ्यावर. कोरणी धरवेना. दर खेपेला कुपीतून जळून गोळा झालेला काळा खंगर निघे, आणि दर खेपेला दोष कोळशाचा, नाहीतर वाऱ्याचा.

मग एके दिवशी छातीशी कुपी धरून माझ्याकडे आला. आमच्या मोहल्ल्यातले लोक सकाळी मडक्यात पाये भरून माझ्या गरम राखेत पुरून जातात, संध्याकाळी शिजलेलं कालवण घेऊन जातात. ते त्याने हेरलं होतं.

"हम्मू, तुझ्या राखेसारखी एकसारखी ऊब अख्ख्या फेसमध्ये नाही. चाळीस दिवस जागा दे."

"इथे पाये शिजतात उस्ताद, परीस नाही."

"पाये शिजतात ना? मग पाऱ्याने तुझं काय घोडं मारलंय?"

हसलो मी, आणि दिली जागा. माझीच अक्कल चरायला गेली होती. रोज दुपारच्या नमाजानंतर तो यायचा, राखेवर तळवा धरायचा आणि भिंतीवर कोळशाने एक रेघ मारायचा. एवढ्या निगुतीने तो आपल्या बायकोशीही कधी वागला नसेल.

अडतिसाव्या दिवशी सकाळी त्याची बायको बतूल भट्टीखान्यात उतरली. तिथे बायामाणसं कधी येत नाहीत. मी गडबडून उभा राहिलो.

"हम्मूभाऊ, ती कुपी फोड."

"अहो बाईसाहेब, काय बोलताय? दोन दिवस राहिलेत!"

"म्हणूनच म्हणते. परवा उघडेल, खंगर बघेल, म्हणेल राख ओली होती. आणि पुन्हा मांडेल. उघडून उघडून हा माणूस कधी शहाणा झालाय? पण भर डावात हातातलं गेलं की मन मोडेल त्याचं. एकदा मोडू दे. काल घास भरवला मी त्याला, लेकरासारखा. आणखी एक कुपी झाली तर मरेल तो, भाऊ."

ती रडली असती तर मी नाही म्हणालो असतो. पण ती रडली नाही, नुसती बघत राहिली. त्या दिवशी वर एका नवरीचं न्हाण होतं, मला जाळ वाढवायचाच होता. ती गेल्यावर मी लोखंडी फावडं घेतलं आणि राखेत एक घाव घातला. कटकन आवाज झाला. निखारे वर ओढले आणि हात धुतले.

दुपारी अल्लाल आला. राख उकरली, खापऱ्या निघाल्या. मी पाठ केल्यासारखं म्हणालो, "नवरीच्या न्हाणाला जाळ मोठा झाला, उस्ताद. माफ करा." वाटलं होतं शिव्या घालेल. तो खाली बसला, मांडीवर थरथरते हात ठेवले आणि फार सावकाश बोलला.

"मी मौलाय इद्रिसच्या दर्ग्यात कबरीवर हात ठेवून शपथ घेतली होती, हम्मू. चाळीस दिवस पुरे भरू देत. मग निघालं तर निघालं. खंगर निघाला तर विस्तव पुन्हा शिवायचा नाही. बतूलला परवा कुपी उघडल्यावरच सांगणार होतो, चकित करायला. पण दिवस भरलेच नाहीत. शपथ सुटली माझी."

संतासमोरची शपथ आमच्यात कुणी मोडत नाही, मोडूच शकत नाही. दोन दिवसांनी हा माणूस आपणहून सुटणार होता! मला राहवेना. त्याचे पाय धरले आणि सगळं ओकलो. बतूलचं नाव तेवढं गिळलं. म्हटलं मारेल, थुंकेल, माझ्यावरच्या रागाने तरी हे वेड सोडेल.

त्याचा चेहरा उजळला हो! त्याने मला मिठी मारली.

"म्हणजे ती आपणहून फुटली नाही? आच बरोबर होती? अरे, अडतीस दिवस माझी कुपी टिकली, हम्मू! आणि तुझ्यासारख्या भल्या माणसाच्या हातून सैतानाने ती फोडवून घेतली. पोकळ कुपीच्या वाटेला सैतान जाईल कशाला?"

करायला गेलो काय आणि होऊन बसलं काय. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पुढच्याच जुम्म्याला नवी कुपी आली. मी नको म्हणालो, तर म्हणाला मग गच्चीवर मांडतो. तिथली वाफ त्याला महिन्यात घेऊन गेली असती. म्हणून ठेवून घेतली. नवी शपथ घ्या म्हणून मी किती विनवण्या केल्या. तो हसायचा. "आता शपथ कशाला? आता खात्रीच आहे." त्याच्या बोटांना कुपीचं तोंड लिंपता येईना, तेव्हा बतूल आपल्या हातांनी लिंपून द्यायला लागली. शपथेचं त्याने तिला सांगून टाकलं होतं; तेव्हापासून माझ्याशी ती एक शब्द बोलत नसे. मीही मान वर करत नसे.

त्या हिवाळ्यात अल्लाल गेला. तेव्हाच्या कुपीचा अकरावा दिवस होता. शेवटपर्यंत खुशीत होता मेला, आणि तेच मला सोसत नाही.

दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी बतूल पांढऱ्या कपड्यांत भट्टीखान्यात आली. "काढ ती," म्हणाली. मी कुपी काढली, दगडावर ठेवली, फोडली. आत काळा खंगर.

तिने तो उचलला आणि उलटासुलटा करून पाहिला.

"तेव्हा चाळिसाव्या दिवशी त्याला हेच दिसलं असतं," ती म्हणाली. "आणि तो घरी येऊन जेवला असता. दोन दिवस, हम्मूभाऊ. तुला आणि मला दोन दिवस दम धरवला नाही."