कडकरावांची हार

कडकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते त्यांना कॉलरींनी मिळवून दिलं होतं. कॉलरला खळ द्यावी ती त्यांनीच. त्यांच्या हातून निघालेला शर्ट खुर्चीवर नुसता ठेवला तरी ताठ बसायचा, आणि आत माणूस नसला तरी त्याचा रुबाब कमी व्हायचा नाही, असं गिऱ्हाइकं म्हणत. लॉन्ड्री फुटबॉलच्या मैदानामागच्या गल्लीत होती. पुढे काउंटर, मध्ये इस्त्रीचं लांब टेबल, मागे बॉयलर आणि वर तारेला टांगलेले लोकांचे कोट. त्या कोटांपलीकडे वहिनी, म्हणजे कडकरावांची बायको, स्टुलावर बसून प्रत्येक कपड्याला रंगीत दोऱ्याची खूण घालायची. कुणाचा दोरा कोणता, ते तिचं तिलाच ठाऊक.

रविवारी सामना संपला की तपकिरी टीमची जुनी मंडळी लॉन्ड्रीत जमायची. तपकिरी टीम हरलेली असायचीच. पण हल्लीच्या हारींत काही दम नव्हता. घरच्या नळाला पाणी नाही इतपतच त्यांचं दुःख. म्हणून मंडळी जुन्या, भरदार हारी काढून बसायची. याला ते ‘हार घालणं’ म्हणत.

“काय, आज हार कोण घालतंय?” पोस्टमन विचारायचा. तो निवृत्त होऊन किती तरी दिवस झाले होते, पण दारातून आत येताना अजूनही आधी हात पुढे यायचा, मग माणूस.

“हार घालायची तर मान कुणाची?” चष्मेवाला दर वेळी हेच म्हणायचा आणि दर वेळी एकटाच हसायचा.

नियम एकच होता. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. ज्याच्या हारीला पाणी निघेल, तो बॉयलरजवळच्या हातांच्या खुर्चीत बसणार. बाकीच्यांना मळक्या कपड्यांची गाठोडी.

ती खुर्ची कडकरावांची होती. मालक म्हणून नव्हे, कमाईची. त्यांची फायनलची हार ऐकायला लोक लांबून यायचे. ते सांगायचे उभ्यानं, हातात थंड इस्त्री घेऊन. शेवटचं मिनिट. बरोबरी. आपल्याला पेनल्टी. कॅप्टन लांब्या चेंडू ठेवतो, पुन्हा उचलतो, शर्टाला पुसतो, पुन्हा ठेवतो. इथे कडकराव थांबायचे. बॉयलरची फुसफुस तेवढी ऐकू यायची. मग लांब्या धावतो, आणि कडकराव इस्त्री टेबलाच्या लोखंडी पायावर आपटायचे. टण्ण! खांब! चेंडू खांबावरून गोलकीपरच्या पाठीवर, पाठीवरून रेषेवर. रेषेवर तो फिरतोय, फिरतोय, आत जाऊ की नको असा विचार करतोय, आणि वारा त्याला बाहेर ढकलतो. तिथूनच समोरच्या टीमचा एक पोरगेला खेळाडू तो घेऊन जो सुटतो तो थेट आपल्या जाळ्यात. शिट्टी. संपलं.

मग कडकराव इस्त्री हलकेच खाली ठेवायचे आणि आवाज अगदी खर्जात नेऊन म्हणायचे, “त्या दिवसानंतर माझ्या आयुष्यात चांगलं असं काही घडलंच नाही.”

पोस्टमन रुमाल काढायचा. कडकराव खुर्चीत बसायचे. कोटांमागे वहिनी दाताने दोरा तोडायची.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर भावोजी आले.

भावोजी म्हणजे कडकरावांच्या मोठ्या बहिणीचे, ताईंचे यजमान. जन्मभर दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करत होते. काम संपल्यावर ताईंना माहेरच्या माणसांजवळ राहायचं होतं, म्हणून दोघांनी पलीकडच्या रस्त्यावर घर घेतलं. भावोजी अबोल. कुणाशीही बोलताना लिफ्टचं दार उघडण्याची वाट बघत असल्यासारखे मान वर करून उभे राहायचे. अशा माणसाची कुणाला भीती वाटेल? कडकरावांनी स्वतःच त्यांना रविवारी बोलावलं. स्वतःच म्हणाले, “भावोजी, तुमच्या निळ्या टीमचंही ऐकू द्या की! घाला एक छोटीशी हार.”

भावोजी गाठोड्यावर बसल्या बसल्याच बोलायला लागले. हातवारे नाहीत, टण्ण नाही.

“आमच्याच बॅकनं आमच्याच जाळ्यात मारला हो. सगळ्यात भरवशाचा माणूस. मी आपला बसस्टॉपवर येऊन बसलो. डोळ्यांचं पाणी काही खळेना. बाकावर एक मुलगी होती, नर्सिंगच्या कॉलेजातली. तिनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, आमची गेली.”

चष्मेवाला पुढे सरकला.

“तिला वाटलं, माझी बायको गेली. म्हणाली, अगं बाई! आजारी होत्या? मी म्हटलं, छे हो, शेवटच्या मिनिटापर्यंत ठणठणीत होती. ती म्हणाली, मग अचानक? मी म्हटलं, घरच्याच माणसानं घात केला.”

लॉन्ड्रीत हसण्याचा स्फोट झाला. भावोजी मात्र हसले नाहीत.

“तिनं स्वतःचा रुमाल दिला. म्हणाली, पोलिसांना कळवलंत का? मी म्हटलं, पोलीस तिथेच होते, त्यांनी काही केलं नाही. तिची बस आली, तिनं सोडली. दुसरी आली, तीही सोडली. म्हणाली, अशा वेळी एकटं राहू नये माणसानं. टीमचं बोलतोय हे मी सांगितलं तेव्हा अंधार पडला होता. मला वाटलं, आता थोबाडीत देणार. तर ती म्हणाली, मग रुमाल परत द्या, धुऊन.”

सगळ्यांच्या माना दाराशी उभ्या असलेल्या ताईंकडे वळल्या. ताई लाजल्या. या वयात!

“जिंकलो असतो तर मित्रांच्या खांद्यावर बसून नाचत गेलो असतो,” भावोजी म्हणाले. “ही दिसलीच नसती.”

तेवढ्यात कोटांमागून नाक ओढल्याचा आवाज आला. कडकरावांनी दोन कोट बाजूला सारले. वहिनी डोळे पुसत होती. त्यांची स्वतःची बायको! फायनलची हार जिनं लग्नापासून दर मोसमात ऐकली आणि एक टिपूस काढलं नाही, ती निळ्या टीमच्या दीडदमडीच्या स्वयंगोलावर रडत होती.

“उठा कडकराव,” पोस्टमन म्हणाला, “खुर्ची सोडा.”

तो मोसम कडकरावांना फार जड गेला. दर रविवारी कुणी ना कुणी म्हणायचं, “भावोजी, ते ‘आमची गेली’ होऊ दे.” आणि भावोजी सांगायचे, आणि वहिनी रडायची. कडकराव गाठोड्यावर बसून ऐकायचे. मळक्या कपड्यांवर बसायला काय वाटतं हे त्यांना प्रथमच कळत होतं. त्यांनी खुर्चीवरची उशी धुवायला काढली ती वाळलीच नाही. भावोजींच्या शर्टाच्या कॉलरला, अगदी मानेच्या मागे, एक सुरकुती राहू लागली. गल्लीत एका गिऱ्हाइकानं विचारलं, “लिफ्टवाले तुमचेच ना हो मेहुणे? काय सांगतात!” कडकराव म्हणाले, “हो, पण लिफ्ट त्यांची नेहमी अडकायची असं ऐकून आहे.” असलं काही त्यांनी कुठेही ऐकलेलं नव्हतं.

शेवटी एके दुपारी त्यांच्यानं राहवेना. दुकानात दोघंच होती.

“मी म्हणतो, भावोजींच्या गोष्टीत एवढं काय आहे गं?”

“छान आहे.” वहिनी एका पांढऱ्या शर्टाला हिरवा दोरा घालत होती.

“आणि माझी? लोक रडतात माझ्या हारीला. लोक! तुझ्या डोळ्यांना काय खळ घातलीय?”

“तुमची ती फायनल कधी झाली होती हो?”

“हे काय विचारणं झालं? आपल्या लग्नाच्या आधीच्या रविवारी. हळद लागायच्या आधीच मी दुःखानं पिवळा दिसत होतो, तुझीच आई म्हणाली होती.”

“आणि गोष्ट संपवता कशी?”

कडकराव खुलले. इस्त्री खाली ठेवली, आवाज खर्जात नेला. “त्या दिवसानंतर माझ्या आयुष्यात चांगलं असं काही...”

बोलता बोलता त्यांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं दोरा तोडला, शर्टाची घडी घातली आणि पुढचा शर्ट घेतला.

“अगं, तो डायलॉग आहे!” कडकराव म्हणाले.

“हो ना. पाठ झालाय मला.”

मोसमातल्या शेवटच्या रविवारी मोठी हार असायची. त्या दिवशी ज्याला खुर्ची मिळे, त्याचा तिच्यावर पुढचा मोसम सुरू होईपर्यंत हक्क. लॉन्ड्रीत पाय ठेवायला जागा नव्हती. भावोजींनी आपली सांगितली. नेहमीसारखी, साधी. कोटांमागून मात्र आज काही आवाज आला नाही. वहिनी तिथे होती की नव्हती, हेही कडकरावांना कळेना.

मग ते उठले. इस्त्री घेतली. त्या दिवशी ते असे काही रंगले की पोस्टमनचा रुमाल लांब्या धावायच्या आधीच निघाला. टण्ण! खांब! चेंडू फिरतोय, फिरतोय... शिट्टी. कडकरावांनी इस्त्री खाली ठेवली. सगळी लॉन्ड्री पुढे झुकली. शेवटचं वाक्य सगळ्यांच्या ओठांवर तयार होतं, कडकरावांबरोबर म्हणायला.

“त्या दिवसानंतर...” कडकराव म्हणाले, आणि थांबले. सभोवार पाहिलं. “त्या दिवसानंतरच्या रविवारी माझं लग्न झालं.”

पहिला चष्मेवाला फुटला. “अरेरे! एकावर एक!”

त्यासरशी सगळी लॉन्ड्री कोसळली. गाठोड्यांवरची माणसं गाठोड्यांसारखी लोळायला लागली. “फायनल गेली ती गेली, वर हे!” कुणीतरी ओरडलं.

“हसता काय? अरे, चांगलं म्हणतोय मी!” कडकराव ओरडले. “मनापासून बोलतोय! त्या हारीनंतर जे काही चांगलं झालं ते हेच!”

ते जितके रागावत, तितकं हसू वाढत होतं. पोस्टमनच्या गालांवरून पाणी वाहत होतं. हसून आलेलं पाणी धरायचं की नाही, यावर तिथल्या तिथे वाद जुंपला. आणि मग कडकरावांना भावोजी दिसले. ते हसत होते, पण नुसत्या तोंडानं. डोळे कसे बारीक झाले होते, मान अवघडली होती. ती नजर कडकरावांना चांगली ओळखीची होती. मोसमभर दाढी करताना आरशात तीच बघत आले होते. त्यांना इतकं बरं वाटलं की पुढच्या खेपेला भावोजींची कॉलर नीट करून द्यायची, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

“पाणी ते पाणी!” पोस्टमननं निकाल दिला. “बसा कडकराव.”

कडकराव विजयी मुद्रेनं वळले. खुर्चीत वहिनी बसली होती.

कोटांमागून ती कधी आली, कुणाला कळलंच नव्हतं. डोळे ओले होते. हसून की कशानं, ते विचारायची कडकरावांची हिंमत झाली नाही. मांडीवर दोऱ्यांचा डबा होता.

“अगं, उठ. नियम आहे,” ते हळूच म्हणाले. “आधी हार घालावी लागते.”

“घालते की.” वहिनीनं डबा बाजूला ठेवला. “लग्नानंतरचा पहिला रविवार. हे म्हणाले, चल, बाहेर जाऊ. मी आईनं दिलेल्या नव्या चपला काढल्या. केसांत फूल माळलं. मनात म्हटलं, बागेत नेणार, नाहीतर नाटकाला. गल्लीतून वळलो, आणि समोर मैदान.”

पोस्टमननं वाळत घातलेला रुमाल परत उचलला. चष्मेवाल्यानं चष्मा काढला. दाराशी ताई भावोजींचा हात धरून पुढे सरकल्या.

“चिखल हा एवढा,” वहिनी म्हणाली, आणि थांबली.

कडकरावांनी कान दिला. बॉयलरची फुसफुससुद्धा बंद झाली होती. इतकी शांतता त्यांना लांब्याच्या पेनल्टीलाही कधी मिळाली नव्हती. ते गाठोड्यावर टेकले आणि त्यांचा जळफळाट झाला. थांबावं कुठे हे हिला शिकवलं कुणी?