सव्वीस तासांचा सत्कार

घरातला माणूस परदेशात चालला म्हटलं की लोक पेढे मागायला येतात. घरातल्या बाईच्या डोक्याला किती ताप झाला, हे विचारायला कुणी फिरकत नाही. म्हणून मीच सांगते.

आमचे हे, प्रेमराज, वय बेचाळीस. एकोणीस वर्षं केळीची गाडी चालवतात. मुक्ताईनगर-रावेरकडची केळी भरायची आणि थेट दिल्लीच्या मंडीत उतरवायची. आम्ही राहतो जळगावात, पिंप्राळ्याला. राहतो म्हणजे मी, सासूबाई आणि आमची रिद्धी राहतो. हे येतात, जेवतात, धुवायचे कपडे टाकतात आणि जातात. गेल्या वर्षी धुळ्याच्या एका एजंटाची जाहिरात आली, की पोलंडच्या कंपनीला ट्रक ड्रायव्हर पाहिजेत. माल पोलंडात भरायचा आणि जर्मनी, फ्रान्स करत पार स्पेनपर्यंत न्यायचा. यांचं लायसन्स पक्कं, नजर पक्की, आजवर एक अपघात नाही. रिद्धी यंदा बारावीला, तिला पुढे शिकवायचंय. मीच म्हटलं, भरा फॉर्म. झालं, माझ्याच हातानं मी घरात भानगड आणली.

तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. आता एजंटाच्या क्लासमध्ये तेवढं शिकवणारच होते ना? पण यांना दम कुठे! हे कॉलनीतच स्कूटर उजवीकडून चालवायला लागले. दुसऱ्याच दिवशी समोरच्या कुसुमलताभाभी भाजी घेऊन येत होत्या, त्यांच्या अंगावरच जायचे. भाभी ओरडल्या ते माझ्यावर. "सारिका, तुझ्या मिस्टरांना आवर गं बाई!" आणि हे शांतपणे मला म्हणतात, "पोलंडात त्यांचीच चूक धरली असती." मी कपाळावर हात मारून घेतला.

सासूबाईंनी आपला वेगळाच कारखाना काढला. ज्वारीचे बिबडे वाळवून झाले, काळा मसाला झाला, भाकरीसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ झालं. वर मोठा डबाभर साजूक तूप. तूप तिकडे नेऊ देत नाहीत, विमानतळावर काढून घेतात, असं चारदा सांगितलं. "मना पोऱ्या तठे कोरडं खाई का?" म्हणून त्यांनी डबा पुन्हा बॅगेत घातला. मी काढायचा, त्यांनी घालायचा, असं आठ दिवस चाललं. शेवटी मीच हात टेकले.

पण माझ्या नाकी नऊ आणले ते थांबण्याच्या नियमानं. तिकडे ड्रायव्हरनं सलग साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबायचं. दिवसाचे नऊ तास झाले की गाडी उभी करायची आणि अकरा तास आराम. गाडीत एक यंत्र असतं, त्यात ड्रायव्हरचं कार्ड घालायचं, मग मिनिटामिनिटाची नोंद होते. पोलीस वाटेत कुठेही ती नोंद तपासतात. धुळ्याच्या क्लासमध्ये अखिल सरांनी हे सांगितलं, तेव्हा आमचे हे हसले म्हणे. घरी येऊन मला सांगतात, "साडेचार तासांत तर माझी गाडी नीट गरमसुद्धा होत नाही."

असं बोलणारा माणूस मुलाखतीत काय दिवे लावणार? मी कंबर कसली. ताटावर बसले की विचारायचं. किती तासांनी थांबायचं? साडेचार. किती वेळ? पाऊण तास. दिवसाचे किती? नऊ. मग? अकरा तास आराम. बरोबर सांगितलं तरच गरम पोळी, नाहीतर सकाळची. पंधरा दिवसांत गडी तयार झाला. झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं, पण झोपायला घरी असतात कुठे!

मुलाखत धुळ्यालाच, एजंटाच्या ऑफिसात, लॅपटॉपवर होती. पलीकडे पोलंडच्या मॅडम, अलीकडे हे आणि दुभाषे म्हणून अखिल सर. कागदांची फाईल मलाच समजते म्हणून मी लॅपटॉपच्या मागच्या बाकावर बसले होते. मॅडमना मी दिसत नव्हते. यांनी एकेका प्रश्नाला चोख उत्तर दिलं. साडेचार, पाऊण, नऊ, अकरा. मॅडम लिहून घेत होत्या. मला वाटलं, जिंकलो!

मग मॅडमनी हसून विचारलं, "तुमच्या कामातली अभिमानाची एखादी गोष्ट सांगा."

हा प्रश्न मी घेतलाच नव्हता. हे खाली वाकले आणि पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली एक फ्रेम काढली. तो सत्काराचा फोटो होता. तीन वर्षांपूर्वी सणाच्या तोंडावर दिल्लीत केळीला भाव चढला होता. केळी कुणासाठी थांबत नाही. उशीर झाला की गाडीतच पिकते, काळी पडते, मग तिला कुत्रं विचारत नाही. तेव्हा यांनी गाडी सव्वीस तासांत दिल्लीला नेली आणि गाडीचे मालक निर्मलकुमार शेठनी मंडप घालून, शाल-श्रीफळ देऊन यांचा सत्कार केला. कार्यक्रमाला गावातले दीडशे लोक! मी तो फोटो कपाटामागे ठेवला होता. यांनी शोधून आणलाच.

"रावेर ते दिल्ली, सव्वीस तास!" फोटो लॅपटॉपसमोर धरून हे म्हणाले. "सलग! एक चहा, तोही स्टेअरिंगवर!"

अखिल सरांचा चेहरा पडला. "प्रेमराजभाऊ, हे मी खरंच सांगू का त्यांना?"

"सांगा की! नीट सांगा!"

त्यांनी सांगितलं. मॅडमचं पेन थांबलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कुणी थांबायला सांगितलं नाही?"

"नाही मॅडम. कुणीच नाही."

माझं टाळकंच सरकलं. फाईल बाकावर आपटून मी उठले. "कुणीच नाही? मग मी कोण? एकोणीस वर्षं माझं तोंड दुखलं सांगून सांगून! थांबा, झोपा, थोडी पाठ टेका! त्या सव्वीस तासांत मी दर तासाला फोन करत होते, माणूस जिवंत आहे की नाही ते बघायला. दरवेळी काय म्हणालात? 'ठेव, गाडी चालवतोय.' शाल तुम्हाला मिळाली हो, मला कुणी विचारलं का?"

मॅडमनी विचारलं, कोण बोलतंय? अखिल सरांनी घाम पुसत शब्दन् शब्द सांगितला. मला वाटलं, संपलं. रिद्धीचं कॉलेज, यांची नोकरी, सगळं मी माझ्या तोंडानं घालवलं.

मॅडमनी यांना विचारलं, "मग तुम्ही बायकोचं का ऐकलं नाहीत?"

हे खाली मान घालून बसले होते. "हिचं ऐकून थांबलो तर माल खराब होतो मॅडम. पुढच्या खेपेला शेठ गाडी दुसऱ्याच्या हातात देतो."

"आमच्याकडे थांबलात तर कामावरून काढत नाहीत. नाही थांबलात तर काढतात."

यांना ते पटेना. "आणि मी अकरा तास झोपलो तर? कुणी फोन करून उठवणार नाही?"

"कुणी गाडी चालवायला लावू शकत नाही. नियमच तसा आहे."

यांनी फोटो टेबलावर पालथा ठेवला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझ्या सासऱ्यांच्या तिरडीपुढे न रडलेला हा माणूस परक्या बाईसमोर हुंदके द्यायला लागला. "मला थांबायचंच असायचं, मॅडम," ते म्हणाले. "रोज."

आठ दिवसांनी पत्र आलं. घेतलंय, पहिले तीन महिने जुन्या ड्रायव्हरबरोबर जायचं. आता व्हिसाही आलाय, पुढच्या सोमवारी निघायचं. लोक म्हणतात, सारिका, नशीब काढलंस. मला मात्र संताप येतो. इथून दिल्लीपर्यंत एवढे शेठ, एवढ्या मंड्या, एवढं माझं घर, आणि एका माणसाला पुरती झोप मिळू शकली नाही. माझा नवरा झोपायला पोलंडला चाललाय.