आधी हात दे

तपासणीसाठी रक्त द्यायला आलेल्या माणसाकडे जुलेखाआपा डॉक्टरांची चिठ्ठी मागायच्या नाहीत. "आधी हात दे," म्हणायच्या. सुई बाजूलाच ठेवून समोरच्याचं मनगट दोन्ही तळव्यांत घ्यायच्या आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसायच्या. बोर्ली पंचतनच्या बाजारात, शिंप्याच्या दुकानाच्या वर, त्यांची दोन खोल्यांची लॅब होती. तिथे सरपंच येवो की नवी नवरी, सगळ्यांना अरे-तुरे. रागावण्याची कुणाची टाप नव्हती, कारण सुई आपांच्या हातात असायची.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती वैतागूनच. भर मे महिन्यात मला शाल लागायची आणि दुपारच्या तासाला मुलांच्या आधी मलाच डुलकी यायची. घरचे म्हणत, वय झालं. चाळिशीत कसलं आलंय वय! चिठ्ठीवर फक्त हिमोग्लोबिन लिहिलेलं होतं. आपांनी मनगट धरलं, कोपराची कातडी चाचपली आणि सरळ डॉक्टरांना फोन लावला.

"बाईंचा हात थंड हाय, कातडी सुकलेली हाय. थायरॉईड पन बघू काय?"

डॉक्टर हो म्हणाले आणि आपांचा हात खरा ठरला. माझं थायरॉईड मंदावलं होतं. गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि नंतर तासभर चहा नाही, हे त्यांनी मला तीनदा म्हणायला लावलं. विद्यार्थ्यांकडून मी जे करून घेते, ते माझ्यावर उलटलं होतं.

शिक्षिका असल्यामुळे मी वाद घातलाच. म्हटलं, सगळं हळू चाललंय, तर शरीराची झीज तरी कमी होत असेल. आपांनी खिडकीच्या गजाकडे बोट दाखवलं. खाऱ्या वाऱ्याने त्याचे पापुद्रे सुटले होते.

"हा गज कुठे पळतो? एका जागी उभा हाय, तरी गंजतो ना?"

मग त्यांनी समजावलं. थायरॉईड कमी पडलं की पेशींमधलं ज्वलन नीट होत नाही. त्यातून त्रासदायक कण उरतात आणि ते आवरणारी शरीराची शक्तीही उणी पडते. शास्त्रात याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. आपा त्याला गंज म्हणायच्या, आणि मला तो शब्द जास्त पटला.

पुढे दर काही महिन्यांनी मी तपासणीला जायची आणि आमची मैत्री जमली. मग एका वर्षी आपा बदलत गेल्या. आवाज जाड झाला, चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला, जिना चढताना मध्येच थांबायला लागल्या. एके दिवशी त्यांच्याकडून दोन नळ्यांवरची नावं अदलाबदल झाली. चूक त्यांच्याच लक्षात आली. दोघांच्या घरी स्वतः जाऊन त्यांनी माफी मागितली आणि पुन्हा रक्त काढलं. इतक्या वर्षांतली ती पहिलीच चूक होती.

"ईद झाली की लॅब बंद करते," त्या मला म्हणाल्या. "दुसऱ्याच्या आजाराची चिठ्ठी तिसऱ्याच्या हातात गेली तर अल्लाला काय तोंड दाखवू?"

लॅब गेली तर या बाईचं काय उरणार? त्यांनी सवयीने माझं मनगट धरलं होतं, पण आज गार लागत होते ते त्यांचेच तळवे.

"आपा, तुमचा हात थंड आहे."

"माजी तपासनी झाली. नॉर्मल हाय." त्यांनी खणातून कागद काढून दाखवला. "यंत्र खोटं बोलतं व्हय? हा नुसता गंज हाय. त्याचं औषध घेते मी."

औषध म्हणजे कुवेतच्या भावाने पाठवलेल्या कॅप्सूल. त्या भागात घरोघरी अत्तर, खजूर आणि अशा बाटल्या येतात, आणि आखातातून आलेली वस्तू वाईट कशी असेल, अशी सगळ्यांची श्रद्धा. बाटलीवर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे आपांचा गंज, घालवण्याचं आणि केस वाढवण्याचं आश्वासन होतं. जन्मभर कागदाआधी हात बघणाऱ्या बाईने स्वतःपुरता कागद आधी बघितला होता. मला त्यांचा रागच आला. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांना बाटलीसकट म्हसळ्याला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली. केसांसाठी त्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व होतं, तेही भरपूर.

"आपा, हे रक्तात जास्त असलं की काही यंत्रं फसतात. थायरॉईड बिघडलेलं असूनही आकडा चांगला दाखवतात. या बंद करा आणि थोड्या दिवसांनी पुन्हा रक्त द्या."

"आनि गंज?"

"गंज खरा असेल. पण चूल धुमसत असताना नुसता धूर हाकलून काय होणार? आधी चूल पेटवू."

परत आल्यावर आपांनी कॅप्सूल बंद केल्या. दुसऱ्या तपासणीत आकडा खूप चढलेला निघाला; थायरॉईड मंदावलं की तो वर जातो. गोळी सुरू झाली, काही महिन्यांत त्यांचा आवाज मोकळा झाला आणि लॅब काही बंद झाली नाही. भिंतीवर मात्र त्यांच्या हातची एक पाटी आली: 'बाहेरच्या औषधाची बाटली चालू असेल तर आधी सांग.' त्यातसुद्धा अरे-तुरेच.

गेल्या वर्षी लॅब भाचीच्या हाती सोपवून आपा लेकीकडे मुंबईला राहायला निघाल्या. मी दिघीहून फेरीबोटीने त्यांच्याबरोबर खाडीपलीकडे आगरदांड्यापर्यंत गेले. धक्क्यावर जावई गाडी घेऊन उभा होता. काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून मी वाकून नमस्कार करायला लागले. त्यांनी मला खांद्याला धरून उभं केलं.

"ते राहू दे. आधी हात दे."

त्यांचे तळवे चांगले उबदार होते. त्या माझं मनगट धरून थोडा वेळ खाडीकडे बघत राहिल्या.

"गोळी चुकवतेस."

"परीक्षांची गडबड होती, आपा. चार-पाच दिवसच."

"महिना झाला असेल," त्या म्हणाल्या, आणि महिनाच झाला होता. गाडीत बसल्यावरही त्यांनी माझा हात लगेच सोडला नाही. परतीच्या बोटीत मी माझंच मनगट धरून बसले होते. ते खरंच गार होतं, आणि इतके दिवस मला ते कळलंसुद्धा नव्हतं.