दोन बैलांची पदवी

शिरगावच्या महिपतीनं पोराच्या बी.ए.साठी बैलजोडी विकली, तेव्हा गावानं त्याला वेड्यात काढलं. ‘पोरगा सायेब होईल,’ एवढंच तो म्हणायचा. पंचावन्न साली हिरामण भूगोल घेऊन पास झाला. मास्तरकीसाठी त्यानं शाळांचे उंबरे झिजवले, पण जो तो विचारी, ‘बी.टी. कुठाय?’ शिक्षकाची ती वेगळी पदवी घ्यायला आता घरात विकण्याजोगं काय उरलं होतं? शेवटी उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी शेठच्या दुकानी तो गिऱ्हाइकांपुढं कापडाची ठाणं उलगडू लागला.

एका रविवारी मुरबाडकडचे एक शेतकरी मुलीसाठी स्थळ बघायला महिपतीच्या घरी आले. घराची पत गोठ्यात कळते, म्हणून त्यांनी आधी तिथं डोकावलं. गोठा रिकामा. मग पोहे खाता खाता त्यांनी हिरामणला विचारलं, ‘भूगोल म्हणजे शिकलात तरी काय?’

‘नद्या, डोंगर, वारे, नकाशे.’

‘बरं.’ पाहुण्यांनी बशी खाली ठेवली नि टोपी चढवली. ‘मग अंबरनाथच्या बुवापाड्याची वाट तेवढी सांगा. तिथं एका फिटरचं स्थळ बघायचंय.’

महिपती खाली मान घालून बसला. हिरामणनं अंगणात काटकीनं रूळ, ओढा, वळण असं सगळं नीट काढून दाखवलं. पाहुणे ते तुडवतच निघून गेले. त्या पदवीचा कुणाला उपयोग झाला, तो हा पहिलाच.